‘एबल-बॉडीड’ म्हणजे कोण?

‘ऑल एबल-बॉडीड कॅडेट्स, फॉल इन!’ ही हाक आम्ही रोज ऐकतो. गेल्या टर्ममध्ये माझा घोटा मोडला आणि सहा आठवडे मी प्लास्टर घालून ग्राउंडच्या कडेला बसलो. तोवर त्या शब्दाकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

डिक्शनरीतला अर्थ सोपा आहे : धडधाकट. दोन शब्द हायफनने जोडून केलेलं विशेषण. त्यातलं ‘एबल’ शरीराबद्दल बोलतं, माणसाबद्दल नाही. ऐकताना मात्र आपण शरीर विसरतो आणि कडेला बसलेल्याला असमर्थ ठरवतो. गंमत म्हणजे ब्रिटिश नौदलात ‘एबल सीमन’ म्हणजे काम शिकून तयार झालेला खलाशी. तिथे ‘एबल’ कौशल्यावरून ठरत होतं.

सुट्टीत दिल्ली कॅन्टोन्मेंटला घरी गेलो, तेव्हा माझं रडगाणं ऐकून आजोबांनी मुरलीकांत पेटकरांचं नाव काढलं. सांगली जिल्ह्यातले, ईएमईचे जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ते ५० मीटर फ्रीस्टाइल पोहले : ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम आणि भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक. अर्जुन पुरस्कार मिळायला मात्र जानेवारी २०२५ उजाडला, इथेच राष्ट्रपती भवनात. आमच्या फॉल इनला ते असते, तर माझ्याच बाकावर बसले असते!

सैन्याला धडधाकट शरीर लागतं, हे मला कळतं. एनडीएच्या मेडिकलची धास्ती मलाही आहे. पण सैन्याचं मेडिकलसुद्धा एका शब्दात माणूस निकालात काढत नाही. ‘शेप’मध्ये मन, कान, हातपाय, शरीराची क्षमता, डोळे यांना वेगवेगळा दर्जा मिळतो. १९७१ मध्ये पाय गमावलेल्या इयान कार्डोझो यांनी पुढे बटालियन आणि ब्रिगेडही कमांड केली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : स्ट्रेचर उचलायचं असेल तेव्हा हा शब्द जरूर वापरावा. हजेरीला ‘फिट फॉर पीटी’ पुरे.

आता मी परत रांगेत उभा राहतो. बाकावर सध्या दोघं बसतात. त्यातल्या एकाचा हात गळ्यात बांधलाय, आणि मॅप रीडिंगमध्ये अडलं की आमचं अख्खं हाऊस त्याच्याकडे जातं.