आधी फळी, मग चित्र

कुंभकोणमला थोरल्या वन्संकडे गेलं, की आधी डिग्री कॉफी आणि मग त्यांचं नवं तंजावर चित्र, हा क्रम ठरलेला. या खेपेला मात्र चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. फळीला बाक आला होता आणि बाळकृष्णाच्या मुकुटापासून गुडघ्यापर्यंत सोन्याच्या वर्खाला उभी चीर गेली होती. चार महिन्यांची मेहनत!

वन्संचं सासर तिथलंच जुनं मराठी घर. तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी या चित्रकलेला आश्रय दिला, म्हणून या घरात तिचं कौतुक जरा जास्तच. फळीवर कापड चिकटवून त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचा लेप देतात. मग नक्षी, खडे, वर्ख. फळी हलली की लेप तडकणारच. हल्ली बरेच जण प्लायवूड घेतात, पण वन्संचा हट्ट पूर्वीसारख्या फणसाच्या फळीचा.

भाच्यानं परसातल्या खोलीत छोटं ड्रम सँडर बसवलं आहे.

"यातून काढली की फळी सरळ होते ना रे?" मी विचारलं.

"नाही मामी. मीही तसंच समजलो, म्हणून आईचं चित्र गेलं. घाईत एकाच बाजूनं घासली होती."

यंत्रात वर पॉलिश पेपर गुंडाळलेला रूळ फिरतो आणि खालचा पट्टा फळी पुढे नेतो. आत जाताना दाबाचे रूळ तिला दाबून सपाट करतात. बाहेर पडली की ती पुन्हा वाकडी! जाडी सारखी होते, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, बाक मात्र तसाच.

म्हणून आता तो आधी फळी पुरती वाळू देतो. मग खोलगट बाजू खाली करून ती एका सपाट पाटावर ठेवतो आणि जिथे फट दिसेल तिथे लाकडाच्या पातळ चिपा पक्क्या बसवतो. फळी जराही डुगडुगता कामा नये. वरच्या बाजूला पेन्सिलीच्या आडव्यातिडव्या रेघा ओढायच्या आणि पाटासकट फळी यंत्रातून काढायची. रेघ उरली तिथे अजून खोलगट आहे, असं समजायचं. सगळ्या रेघा गेल्या की पाट काढून फळी उलटायची आणि दुसरी बाजूही तेवढीच घासायची. आधी ८० नंबरचा कागद, मग १२० चा. एका वेळी अगदी थोडंच. लोभ केला तर कागद तापतो आणि लाकडावर काळे पट्टे उठतात.

भुसा फार बारीक उडतो, तेव्हा नाकातोंडाला मास्क हवाच. पदर खोचायचा, बांगड्या काढून ठेवायच्या. यंत्र नसेल तर रंधा चालवणारा चांगला सुतार हेच काम करून देतो. आणखी एक, चित्र झाल्यावर फळीची मागची बाजू कोरी सोडू नका, तिलाही पॉलिशचे दोन हात द्या. नाहीतर दमट हवा एकाच बाजूनं आत शिरते.

वन्संची नवी फळी सध्या सावलीत दोन पट्ट्यांवर पडून आहे. रोज सकाळी कॉफीआधी त्या तिच्यावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का, ते पाहतात.