युरोप म्हणजे पोर्शन नाही

आमच्या गावाचं नाव तुम्ही वाचलं असेल तर ते बहुतेक एसटीच्या खिडकीतूनच. पहूर. जळगावहून अजिंठ्याला जाताना लागतं. पाचोऱ्याकडून जामनेरला जाणारा रस्ता तिथे आडवा येतो. गाडी दहा मिनिटं थांबते, तुम्ही चहा पिता, बाथरूम शोधता, कंडक्टरने घंटी मारली की धावत चढता आणि गाव विसरून जाता.

त्या दहा मिनिटांवर माझं इंजिनिअरिंग झालं. आप्पांचं तिथे हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक भट्टी, सकाळी पोहे आणि दिवसभर भजी-चहा. तीस वर्षं त्यांनी अजिंठ्याला जाणारी आणि अजिंठ्याहून परतणारी माणसं पाहिली. लेणी इथून वीसेक किलोमीटरवर. जी वाघूर नदी लेण्यांना वळसा घालून येते तीच आमच्या गावातून जाते, हे त्या माणसांपैकी फार थोड्यांना माहीत असायचं.

हे सगळं सांगायचं कारण एक एक्सेल शीट आहे.

माझी ताई न्यू जर्सीत असते. आई-आप्पांना पहिल्यांदाच तिकडे नेणार आहे, आणि परत पाठवताना थेट विमानात न बसवता तिने एक क्रूझ बुक केली आहे. न्यूयॉर्कहून निघायचं, कॅनडातलं हॅलिफॅक्स, मग अटलांटिक ओलांडून आइसलँडचं रेक्याविक, फेरो बेटांवरचं तोर्शाव्न, नॉर्वेतलं बर्गन आणि शेवटी कोपनहेगन. ती सोबत असेल. मला रजा नाही. म्हणून माझ्याकडे काम आलं ते प्रत्येक बंदरावर उतरल्यावर काय करायचं, हे ठरवण्याचं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाची शेवटी शीट होते. पंधरा-पंधरा मिनिटांच्या ओळी, ठिकाणाचं रेटिंग, अंतर, तिकीट, फोटोसाठी चांगली जागा. हिरवा रंग ‘मस्ट’, पिवळा ‘जमलं तर’. पाच बंदरांत सत्तावीस ठिकाणं बसवली आणि ताईला लिहिलं, ‘ऑल्मोस्ट सगळं कव्हर होतंय.’

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आप्पांनी चष्मा लावून ती शीट मोबाइलवर वरपासून खालपर्यंत वाचली. मग विचारलं, ‘‘यात बसायचं कधी?’’

मी म्हटलं, बसमध्ये बसायचंच आहे.

‘‘म्हणजे आपल्या स्टँडवरचे टूरिस्ट,’’ ते म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

मला राग आला. तीन रविवार घातले होते त्या शीटवर. पण जळगावहून परतीच्या गाडीत बसल्यावर मला माझाच ‘कव्हर’ हा शब्द खुपायला लागला. तो कुठून आला हे तुम्हालाही माहीत आहे. कॉलेजातून. ‘पोर्शन कव्हर झाला का रे?’ पोर्शन समजला का, असं आपण चार वर्षांत एकमेकांना कधी विचारलं नाही. पेपरच्या आदल्या रात्री लोकल ऑथरचं पुस्तक, सहा युनिटं, प्रत्येकातले चार प्रश्न. पास झालो. आज मला त्यातल्या निम्म्या विषयांची नावंही आठवत नाहीत. तीच सवय घेऊन आपण आता जग फिरायला निघालो आहोत. ‘बारा दिवसांत नऊ देश’ छापाच्या जाहिराती आपल्याला आकर्षक वाटतात, कारण आपण मुळातच पोर्शनवाले आहोत.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. बंदरावर मिळणाऱ्या एका दिवसात शक्य तितकं उरकणं म्हणजे नियोजन नव्हे, तो नियोजनाचा अपमान आहे. आणि हे सगळ्यात आधी आपल्याला कळायला हवं, कारण अजिंठ्याच्या रस्त्यावर आपण दुसऱ्या बाजूला उभे राहिलेलो आहोत.

आधी साधा हिशोब. जहाज सकाळी आठला लागतं आणि संध्याकाळी पाचला सुटतं, म्हणजे नऊ तास, असं माझ्या शीटमध्ये होतं. चूक. जहाज धक्क्याला लागणं आणि तुम्ही जमिनीवर पाय ठेवणं यात वेळ जातो. हजारो माणसं एकाच वेळी उतरू पाहत असतात. परतताना जहाज सुटायच्या साधारण अर्धा तास आधी आत असावं लागतं. तुम्ही स्वतःच्या स्वतः फिरत असाल आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही, म्हणून शहाणा माणूस आणखी तासभर हाताशी ठेवतो. उरतात सहा, फार तर साडेसहा तास. त्यात रेक्याविकहून ‘गोल्डन सर्कल’ करायचं म्हणजे जवळपास तीनशे किलोमीटरचा फेरा. जर्मनीतल्या वार्नेम्युंडे बंदरावर जहाज लागलं की लोक बर्लिन ‘करून’ येतात, जायला तीन तास, यायला तीन तास. पहूरहून सकाळी निघून पुणं बघून रात्री घरी, असा बेत कोणी सांगितला तर आपण त्याच्या डोक्याला हात लावून ताप बघू. डॉलरमध्ये सांगितला की तोच बेत ‘एक्सकर्शन’ होतो.

दुसरा हिशोब घड्याळाचा. न्यूयॉर्क आणि कोपनहेगन यांच्यात उन्हाळ्यात सहा तासांचं अंतर असतं. विमानात ते एका झटक्यात जातं. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजावर मात्र ते हप्त्याहप्त्याने कापून घेतात, काही रात्री घड्याळ एक तास पुढे. म्हणजे जाईपर्यंत सहा रात्री एकेक तास झोप कमी. आप्पांची बीपीची गोळी आहे, आईची शुगरची. त्या कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या हे डॉक्टरांना आधी विचारायला हवं, ही ओळ माझ्या सत्तावीस ठिकाणांच्या शीटमध्ये कुठेच नव्हती. फोटोसाठी चांगली जागा हा कॉलम मात्र होता.

आता दुसरी बाजू, म्हणजे आमची. स्टँडवर टूरिस्ट गाड्या यायच्या तेव्हा आप्पांना लांबूनच कळायचं, कोणाकडून धंदा होणार आणि कोणाकडून नाही. ज्यांच्या गाडीत पाण्याचे बॉक्स, जेवणाचे डबे, सगळं कंपनीचं, त्यांना आमच्याकडून फक्त बाथरूम हवं असायचं. क्रूझचं नेमकं तेच आहे. नाश्ता, जेवण, झोप सगळं जहाजावर, पैसेही आधीच भरलेले. गावात उतरायचं ते गर्दी करायला आणि फोटो काढायला. व्हेनिसच्या ऐतिहासिक भागातून मोठी जहाजं नेण्यावर इटलीने २०२१ च्या ऑगस्टपासून बंदी घातली. ॲम्स्टरडॅमने समुद्री क्रूझची संख्या वर्षाला १९० वरून १०० वर आणायचं ठरवलं. ही बातमी वाचून आपल्याकडचे लोक म्हणतात, बघा, पैसा नको झालाय यांना. मला ती वाचून आप्पांचा नळ आठवला. उन्हाळ्यात लोक त्याच्यावर तोंड धुवायचे आणि समोरच्या भज्यांकडे बघायचेही नाहीत.

आणि जे अजिंठ्याला पोहोचायचे त्यांचं काय? फर्दापूरच्या फाट्याला गाडी लावायची, तिथून लेण्यांच्या बसने वर जायचं, तीस लेणी दोन तासांत. काहीजण सोमवारी यायचे. सोमवारी लेणी बंद असतात, हे कोणी त्यांना सांगितलेलंच नसायचं. हजारो रुपये घालून आलेली माणसं आप्पांच्या बाकड्यावर डोकं धरून बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून सांगतो, बंदराचा वार आधी बघा. नॉर्वेत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

ताईचा मुद्दा वेगळा होता, आणि तो मी टाळणार नाही. ती म्हणाली, ‘‘तुझं ठीक आहे. तू अठ्ठावीसचा आहेस, पुन्हा जाशील. आई-आप्पा एकदाच जाणार. त्यांना कमी दाखवायचं तत्त्वज्ञान मला शिकवू नकोस.’’

बरोबर आहे. ज्यांच्या सात पिढ्या शेगाव-पंढरपूरच्या पुढे गेल्या नाहीत, त्यांनी संधी मिळाल्यावर हावरटासारखं बघितलं तर हसायचा हक्क मला नाही. आयुष्यभराचे पैसे साठवून ग्रुप टूरला गेलेल्या काकांची टिंगल करणारे मीम मला आवडत नाहीत. पण ‘एकदाच’ हा शब्द माझ्याच बाजूने बोलतो. एकदाच जाणार आहेत, म्हणून तर ते दिवस बसच्या काचेआड घालवायचे नाहीत. वयाच्या बासष्टाव्या वर्षी गुडघे धरून पाच ठिकाणी चढ-उतर केलेला माणूस सहाव्या ठिकाणी फक्त बाकडं शोधतो. मी हे तीस वर्षांच्या गिऱ्हाइकांच्या पुराव्यावर सांगतोय.

आपल्याकडे अटलांटिक ओलांडणाऱ्यांची परंपरा काही आजची नाही. १८८६ साली पंडिता रमाबाई इंग्लंडहून जहाजाने फिलाडेल्फियाला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या त्या समारंभासाठी. अडीच वर्षांहून जास्त राहिल्या, फिरल्या आणि परत येऊन १८८९ साली जे मराठी पुस्तक काढलं त्याच्या नावात ‘लोकस्थिती’ हा शब्द आहे, ‘प्रवासवृत्त’ त्याच्यानंतर येतं. लोक कसे राहतात, हे आधी. आपल्याकडे अडीच वर्षं नाहीत, सहा तास आहेत. पण सहा तासांतही आधी काय बघायचं हे ठरवता येतंच की.

इथे मला माझी सगळ्यात मोठी चूक सांगायची आहे. रेटिंग लावून क्रम केल्यावर तोर्शाव्न तळाला गेलं होतं. छोटं गाव, ‘मस्ट’ काही नाही. शिवाय व्हिसाची भानगड. अमेरिकन व्लॉगर व्हिसाबद्दल बोलत नाहीत, कारण त्यांना तो लागत नाही. आपल्या पासपोर्टवर बंदरांचं नियोजन व्हिसापासून सुरू होतं. अमेरिकेचा आहे म्हणून कॅनडात उतरता येत नाही, त्यांचा वेगळा. आइसलँड, नॉर्वे, डेन्मार्क एका शेंगेनवर होतात. पण फेरो बेटं डेन्मार्कच्या राज्यात असूनही शेंगेनमध्ये नाहीत. तिथल्यासाठी अर्जातच वेगळं मागावं लागतं आणि व्हिसाच्या स्टिकरवर तसं लिहून यावं लागतं. मी शीटमध्ये लिहिलं होतं : ‘तोर्शाव्न – सोडून द्या.’

आई शीट वाचत नाही. तिला ताईने फोटो पाठवले होते आणि तिने त्यातला एकच ठेवला होता. तोर्शाव्नच्या जुन्या भागातली लाकडी घरं, छपरावर हिरवं गवत. ती म्हणाली, ‘‘माझ्या माहेरच्या धाब्यावर पावसाळ्यात असंच गवत यायचं. बाबा चढून उपटायचे, नाहीतर घर गळायचं. यांचं गळत नाही का?’’

सत्तावीस ठिकाणांमध्ये एकाही ठिकाणाबद्दल आमच्या घरात कोणाला प्रश्न पडला नव्हता. हा एकच पडला होता, आणि तेवढंच बंदर मी खोडलं होतं.

नवी शीट सहा ओळींची आहे. पहिली ओळ : व्हिसा, फेरो बेटांच्या उल्लेखासह, आणि गोळ्यांच्या वेळा. हॅलिफॅक्सला धक्क्यालगतच्या रस्त्याने फिरणं, आणि कंटाळा आला तर जहाजावर परत येऊन झोपणं. रेक्याविकला गरम पाण्याचा सार्वजनिक तलाव, जिथे गावातले लोक पारावर बसावेत तसे गळाभर पाण्यात गप्पा मारतात. आत जाण्याआधी कपडे काढून अंघोळ करावी लागते, हे आप्पांना अजून कोणी सांगितलेलं नाही. बर्गनला धक्क्यापासून चालत ब्रिग्गेनची लाकडी घरं, मग १९१८ पासून चालणाऱ्या दोरखंडाच्या गाडीने डोंगरावर जाऊन वर बसणं. छत्री सक्तीची, तिथे फार पाऊस पडतो. कोपनहेगनला विमानाआधी एक पूर्ण मोकळा दिवस. आणि तोर्शाव्नला गवताची छपरं. प्रत्येक ठिकाणी गावातल्या कुणाच्या तरी हॉटेलात बसून, पैसे देऊन, काहीतरी खाणं.

ताईने एक अट घातली आहे, आइसलँडचा एक धबधबा तरी हवा. ते भांडण चालू आहे. अर्ज गेला आहे, फेरो बेटांचा उल्लेख मागितला आहे, स्टिकर यायचं आहे. आई रोज विचारते. तिला ते छप्पर खालून बघायचं नाही, कोणाच्या तरी घरात जाऊन विचारायचं आहे की पावसाळ्यात काय करता.