श्रेयांकांची हुंडी सकारणार कोण?

पेढीने ठेव स्वीकारावी, ठेवीची पावतीही द्यावी. परंतु त्या पावतीवर व्यवहार करावयास जावे तर समोरच्या सराफाने आपल्या मर्जीप्रमाणे ती मानावी किंवा न मानावी, अशा पेढीवर कोणी व्यवहारी मनुष्य विश्वास ठेवील काय? उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात मात्र अशीच एक पेढी उभी राहिली आहे, आणि लक्षावधी विद्यार्थ्यांनी तीत आपली खाती उघडली आहेत. तिच्याविषयी दोन स्पष्ट शब्द बोलण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या शिक्षणाचे मोजमाप श्रेयांकांत करण्याचे ठरविले. साधारणतः १५ तासांचे अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. वर्षाचे ४०, तीन वर्षांच्या पदवीचे १२० आणि चार वर्षांच्या पदवीचे १६०, असा हा किमान हिशेब आहे. हे श्रेयांक साठविण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे विनियम जारी केले. विद्यार्थ्याने एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक या पेढीत जमा व्हावेत, सात वर्षांपर्यंत ते टिकावेत आणि दुसऱ्या संस्थेत त्यांचा उपयोग करून पदवी पुरी करता यावी, अशी ही योजना. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून नव्या रचनेचा अंगीकार केला.

या योजनेमागील हेतूबद्दल आम्हांस तिळमात्र शंका नाही. वडिलांची बदली नागपुराहून मुंबईस झाली म्हणून मुलाचे वर्ष बुडावे, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीची दोन वर्षांची विद्या कागदावरच राहावी, घरच्या अडचणीमुळे नोकरी धरलेल्या तरुणाला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे करावे, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र, समकक्षता या शब्दांनी किती पालकांना विद्यापीठांच्या खिडक्यांपुढे तिष्ठत ठेवले असेल, याची गणती नाही. हे सारे एका खात्याने संपणार असेल तर ते कोणास नको आहे?

पण ते संपलेले नाही. कारण ही पेढी हिशेब ठेवते. हुंडी सकारण्याचे काम तिचे नव्हे. विद्यार्थ्याला स्वतः श्रेयांक जमा करता येत नाहीत. ते संस्थेनेच नोंदवावे लागतात. संस्थेने आळस केला की खाते रिकामे! नोंद झालीच तर पुढचा प्रश्न असा की, हे श्रेयांक कोणत्या विषयाच्या जागी धरावयाचे? तेथे अभ्यास मंडळाचा, समकक्षता समितीचा आणि बहुधा एखाद्या कारकुनाचाही अधिकार सुरू होतो. राज्याच्या आराखड्यातच एका सत्राला २० ते २२ श्रेयांकांची मुभा आहे. तेव्हा एका ठिकाणी वर्षाचे ४० पुरे करून आलेला विद्यार्थी, ४४ मोजणाऱ्या दुसऱ्या ठिकाणी चार श्रेयांकांनी तोकडा ठरावयाचा.

याहून विचित्र गणित खुद्द विनियमांतच आहे. जी संस्था पदवी देणार तिच्याकडूनच निदान निम्मे श्रेयांक मिळविले पाहिजेत, असे २०२१ चे विनियम म्हणतात. १२० चे निम्मे ६०. दोन वर्षांत ८० श्रेयांक मिळवून विद्यार्थी तिसऱ्या वर्षासाठी दुसऱ्या विद्यापीठात गेला, तर त्याच्या ८० पैकी ६० च उपयोगी पडावयाचे. उरलेले २० श्रेयांक, म्हणजे एका सत्राचे संपूर्ण श्रम, पेढीत सुरक्षित राहतील आणि व्यर्थ जातील. ही गोष्ट प्रवेश घेताना किती जणांना सांगितली जाते?

विद्यापीठांची बाजू अगदीच लटकी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पदवीवर ज्याची मुद्रा उमटते त्याने तिच्या कसाची हमी द्यावयाची असते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कोठे हात सैल सोडून दिले जातात हे शिक्षणक्षेत्रात कोणापासून लपलेले नाही. आणि प्रयोगशाळेचे तोंड न पाहता मिळालेले रसायनशास्त्राचे श्रेयांक कोणी डोळे मिटून घ्यावेत, असा आमचाही आग्रह नाही. परंतु कस पाहणे निराळे आणि कारण न देता परत पाठविणे निराळे. सोनाराने नाणे कसोटीवर घासावे, कमअस्सल निघाले तर तसे सांगावे. ‘आमच्या टांकसाळीचे नाही’ एवढ्यावरून ते फेकून देऊ नये.

हा रोग एकट्या आपल्या देशाचा नव्हे. ज्या अमेरिकेकडून श्रेयांकांची पद्धत आपण उचलली, तेथील केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २०१७ साली असा अंदाज प्रसिद्ध केला की, २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक बुडाले. याच्या उलट, युरोपातील राष्ट्रांनी १९९७ साली लिस्बन येथे केलेल्या करारात एक साधे पण मोलाचे तत्त्व घातले: परदेशातील शिक्षण, त्यात मोठा व मूलभूत फरक असल्याचे दाखविता आले नाही तर, मान्य केले पाहिजे, आणि तो फरक दाखविण्याचा भार विद्यार्थ्यावर नव्हे, नाकारणाऱ्या संस्थेवर आहे. भिन्न भाषा आणि भिन्न परंपरा असलेल्या राष्ट्रांना जे मान्य करता आले, ते पुणे आणि कोल्हापूर, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांना एकमेकांबाबत अशक्य का वाटावे?

आमची मागणी म्हणून थोडकी आहे. प्रत्येक विद्यापीठाने शेजारच्या विद्यापीठांतील विषयांच्या समकक्षतेचे कोष्टक प्रवेशापूर्वी प्रसिद्ध करावे. श्रेयांक नाकारावयाचे तर ठरलेल्या मुदतीत, लेखी आणि सकारण नाकारावे. संस्थेने नोंद केली नाही तर त्याची शिक्षा संस्थेला व्हावी, विद्यार्थ्याला नव्हे. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी लोकपाल नेमावयास सांगितले आहे. या वादांचा निवाडा स्पष्ट शब्दांत त्यांच्याकडे सोपवावा. निम्म्या श्रेयांकांची अट, विद्यार्थी सक्तीच्या कारणाने गाव बदलत असेल तेव्हा, शिथिल करावी. यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही. लागते ती केवळ इच्छा.

श्रीमंताच्या मुलाचे एक सत्र बुडाले तर त्याचे फारसे बिघडत नाही. ज्या घरात एका सत्राचे शुल्क उसनवारीने उभे राहते, तेथे एवढ्यानेच शिक्षण कायमचे सुटते, आणि त्यातही मुलीचे आधी सुटते. अभ्यास एकदा प्रामाणिकपणे केला असेल तर तो दुसऱ्यांदा करावयास लावण्याचा अधिकार कोणत्याही विद्यापीठास नाही. पेढी उघडून झाली. आता हुंडी सकारण्याची सक्ती झाली पाहिजे.