पहिल्या वर्षाचे पीक खोटे बोलते

१/ खतांच्या इतिहासाविषयी समाजमाध्यमांत दोन कथा फिरतात. पहिली सांगते, रासायनिक खत आले आणि सोन्यासारखी जमीन मेली. दुसरी सांगते, युरियाच्या पोत्याने देश जगवला, शंका घेणारे अडाणी. दोन्ही कथा सोप्या आहेत आणि दोन्ही पुराव्यासमोर टिकत नाहीत.

२/ पुरावा शेतातच आहे. १८४३ च्या शरद ऋतूत इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी ‘ब्रॉडबाल्क’ शेतात गहू पेरला. एक पट्टा बिनखताचा, एक शेणखताचा, इतर निरनिराळ्या रासायनिक खतांचे. हा प्रयोग आजही चालू आहे.

३/ तेथील निकाल पहिल्या कथेला अडचणीचा आहे. बिनखताचा पट्टा हेक्टरी सुमारे एक टनावर रेंगाळला. नत्र, स्फुरद, पालाश यांची समतोल मात्रा मिळालेले पट्टे मात्र दीर्घकाळ शेणखताच्या तोडीस तोड पिकले. रसायनाने जमीन मरते, हा सरसकट निवाडा येथेच रद्द होतो.

४/ दुसऱ्या कथेचे उत्तर वोबर्न येथे आहे. तेथील हलक्या, वालुकामय जमिनीत १८७६ मध्ये प्रयोग सुरू झाले. अमोनियम क्षार दिलेले गहू आणि जव आधी उत्तम आले. सुमारे दोन दशकांत माती इतकी आम्लधर्मी झाली की पीक कोसळू लागले. सोडियम नायट्रेटमधून नत्र मिळालेल्या पट्ट्यांवर ही आपत्ती आली नाही. चुना दिला तेथे पीक सावरले.

५/ मग अमोनियम क्षार मिळूनही ब्रॉडबाल्क का तगले? लॉज यांच्या आधीच्या शेतकऱ्यांनी त्या जमिनीत खडूसारखी चुनखडी भरपूर मिसळली होती. आम्लता ती ठेव खात राहिली आणि पीक उभे राहिले. ठेव मोडून चाललेला संसार पहिल्या वर्षी नेहमीच सुखी दिसतो.

६/ वोबर्नचे प्रयोग पाहणारे जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ मध्ये भारतात आले. १८९३ च्या अहवालात त्यांनी भारतीय शेतकऱ्याच्या कौशल्याची प्रशंसा केली. त्याचबरोबर सरपणाअभावी शेण चुलीत जळते, हेही नोंदवले आणि सरपणासाठी राखीव वने लावण्याची शिफारस केली. ‘पूर्वी शेणखत मुबलक होते’ म्हणणाऱ्यांनी तो अहवाल उघडावा.

७/ वोबर्नचा धडा भारतातही पुन्हा गिरवला गेला. हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथे १९७२ पासून मका-गहू पीकपद्धतीवर दीर्घकालीन प्रयोग चालतो. मुळातच आम्लधर्मी असलेल्या त्या मातीत नुसता युरिया मिळालेल्या वाफ्यांचे उत्पादन कालांतराने शून्यावर आले. समतोल खतांबरोबर शेणखत किंवा चुना मिळालेले वाफे पिकत राहिले.

८/ म्हणजे हे ज्ञान १९९२ च्या आधीच उपलब्ध होते. तरीही त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्फुरद आणि पालाश खतांवरील किंमत-नियंत्रण उठले, युरियावरील राहिले, शिवाय युरिया दहा टक्क्यांनी स्वस्त झाला. देशातील नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचे प्रमाण एका वर्षात ५.९:२.४:१ वरून ९.५:३.२:१ झाले. आदर्श मानले जाणारे प्रमाण ४:२:१. २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया बाहेरच ठेवला गेला.

९/ आणि दोष कोणाला दिला जातो? ‘शेतकरी युरियाचा अतिरेक करतो’, असे व्यासपीठांवरून ऐकवले जाते. शेतकऱ्याने दुकानातील दरपत्रक वाचले, एवढाच त्याचा अपराध. दर ठरवणारे हात वेगळे होते. उतारा डळमळतो तेव्हा कर्ज मात्र त्याच्याच नावावर चढते.

१०/ शेणखत की रसायन, हा वादच चुकीचा मांडला गेला आहे. खरा प्रश्न असा : मातीतून जे गेले ते सगळे परत आले का, आणि आलेल्या खताने मातीचे काय केले? त्याचे उत्तर एका हंगामात मिळत नाही. एका वर्षाच्या विक्रमी उत्पादनावर खतधोरणाचे यश जाहीर करणारे इतिहास वाचत नाहीत, आणि त्याची किंमत पुढची पिढी मोजते.

(समाप्त)