मनुका आणि ‘करंट’ : नावातील घोळ

आमच्याकडे एक अम्लपित्ताचा रुग्ण आला. रात्री काळ्या मनुका भिजवून सकाळी घेण्यास आम्ही सांगितले होते. तो घेत होता बाटलीतील ‘ब्लॅक करंट’ सरबत. ‘दोन्ही एकच’, असे त्यास दुकानात सांगण्यात आले होते. द्राक्षांच्या या सोलापूर जिल्ह्यात असा घोळ व्हावा, याचे आम्हास वाईट वाटते.

ग्रीसमधील कोरिंथ येथून येणाऱ्या बारीक सुक्या द्राक्षांना इंग्रजीत ‘करंट’ म्हणत. तेच नाव पुढे रायबीस या झुडपाच्या फळांना चिकटले. ही झुडपे मध्य आशियातील पर्वतांत रानटी वाढतात. त्यांचे भाऊबंद आपल्या लाहौल-लडाखच्या कोरड्या उतारांवरही आढळतात. द्राक्षवेलीचे कुळ मात्र सर्वस्वी निराळे आहे. काळ्या करंटात ‘क’ जीवनसत्त्व विपुल असते; आहार म्हणून ते अवश्य घ्यावे. पण ते द्राक्षेचे प्रतिनिधी द्रव्य नव्हे.

चरकाचार्यांनी फळांत मृद्वीकेस श्रेष्ठ मानले. विरेचनोपग, कासहर, श्रमहर गणांत द्राक्षेस स्थान दिले. भावमिश्रांनी तर द्राक्षेतही भेद केला. पर्वतजा द्राक्षा लघु, आंबट आणि कफ व अम्लपित्त करणारी, असे ते म्हणतात. पर्वतजा म्हणजे करंट, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. पण द्राक्षेच्याच एका प्रकाराबाबत जिथे इतकी सावधगिरी, तिथे परक्या कुळातील आंबट फळ अम्लपित्तात बिनदिक्कत कसे द्यावे?

औषधनिर्मात्यांनाही एक विनंती आहे. बेदाण्याचा रंग उजळ राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. हाच गंधक यीस्टला मारक ठरतो. द्राक्षारिष्टात ५० पल द्राक्षा पडते. तिच्यात गंधकाचा अंश जास्त असल्यास संधान मंदावते, मग दोष मात्र धातकीपुष्पास दिला जातो. पिवळ्याधमक बेदाण्यापेक्षा धुरी न दिलेली, सबीज काळी मनुकाच खरेदी करावी.

वैद्यबंधूंनी चिठ्ठीवर ‘काळी मनुका, सबीज’ असे स्पष्ट लिहावे. दुकानदार बंधूंनी नाव सारखे वाटते म्हणून द्रव्य बदलू नये. माल नसेल तर तसे सांगावे. एक गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल, रुग्णाचा विश्वास जाता कामा नये.