समुद्रतळीचा पारा

दूरच्या महासागरांत दीर्घकाळ संचार करता यावा म्हणून बांधलेल्या, सुमारे ८७ मीटर लांबीच्या 'यू-८६४' या जर्मन पाणबुडीच्या तळकण्यात, जेथे एरवी तोल सांभाळणारा भार असावयाचा तेथे, जपानकडे रवाना झालेला सुमारे ६७ टन पारा पोलादी बाटल्यांतून भरलेला होता. इंजिनातील बिघाडामुळे ती बर्गेनकडे परतत असता, ९ फेब्रुवारी १९४५ रोजी, नॉर्वेच्या फेड्ये बेटाजवळ ब्रिटिश पाणबुडी 'व्हेंचरर'ने स्वतःही पाण्याखाली राहून, मुख्यतः ध्वनीच्या मागावर, चार टॉर्पेडो सोडले आणि तिचे तुकडे केले. दोन्ही पाणबुड्या जलमग्न असता एकीने दुसरीस बुडविल्याचे युद्धेतिहासातील हे एकमेव उदाहरण होय.

२००३ साली सुमारे १५० मीटर खोलीवर तिचे अवशेष सापडले, तेव्हापासून ते वाळू-दगडांनी झाकावे की पारा उपसावा, हा वाद नॉर्वेच्या सरकारदरबारी रेंगाळला आहे. तेथे ७३ जणांनी जलसमाधी घेतली, आणि त्या समाधीचा मान राखलाच पाहिजे. तथापि गंजत चाललेल्या त्या बाटल्यांवर केवळ आच्छादन घालणे म्हणजे जोखीम पुढील पिढ्यांच्या खाती वर्ग करणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. कितीही खर्च येवो, काढता येईल तेवढा पारा आताच वर काढावा. कारण त्या परिसरातील मासे गर्भवतींनी व स्तनदा मातांनी खाऊ नयेत, असा इशारा तेथील अधिकाऱ्यांना यापूर्वीच द्यावा लागला आहे.