दिल्ली पासिंगची डिझेल गाडी घेताय? आधी इंजिन बघा

2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीत 10 वर्षांपुढच्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात येऊ लागल्या. सोयाबीनचे पैसे हातात आले की एजंट दारात हजर! स्वस्त म्हणजे खराबच असं नाही, पण मीटरवर जाऊ नका, ते मागे फिरवता येतं.

गाडी सकाळी थंड असतानाच चालू करून बघा. आधीच गरम करून ठेवली असेल तर शंका घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढा. धूर जोरात बाहेर आला तर बहुतेक पिस्टन-रिंग गेल्यात, म्हणजे इंजिनकाम आलंच. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय.

आरटीओची एनओसी मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, ते एजंट शेवटी सांगतो.